गटाची गाडी सर्व्हिसिंगला देताना

मैत्रिणींनो, गटाचा टेम्पो शोरूमच्या वर्कशॉपमध्ये दिला की आधी जॉबकार्ड मागा. त्यावर तक्रार आपल्याच शब्दांत लिहायला लावा. ‘चढावर गिअर टाकताना घरघरतं’ असं; नुसतं ‘जनरल चेकअप’ नको, त्यात काहीही खपतं. किलोमीटर, अंदाजे खर्च वाचूनच सही करा. ‘विचारल्याशिवाय जादा काम नको’ हेही लिहून घ्या. बदललेला पार्ट परत मागा. वॉरंटीतला मात्र कंपनीकडे जातो. चांगला मेकॅनिक झिजलेला पार्ट स्वतःहून दाखवतो. त्याचं नाव विचारून ठेवा, पुढच्या खेपेला त्यालाच मागा. न झालेलं काम बिलात दिसलं, तर पैसे देण्याआधीच खोडायला लावा. ऐकलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, मराठीतही बोलता येतं. फोन लावताना बिल आणि जॉबकार्ड समोर असू द्या.