संगणकांतील वाटणी

गेल्या श्रावणांत एरंडोलास घरीं गेलों असतां वडील बंधूंनीं चहा होण्यापूर्वींच तक्रार मांडली. "संगणक रोज 'जागा नाहीं' म्हणतो, आणि शेजारचा 'डी' तर निम्मा रिकामा! हा काय न्याय?" पाहतों तों तक्रार खरी. डिस्क ५०० गिगाबाइटांची. (विंडोज ती ४६५ चीच दाखवितें, विकणारा हजाराच्या पटीनें मोजतो व विंडोज १०२४ च्या, एवढाच फरक. त्यांत लबाडी नाहीं.) दुकानदारानें 'सी'स ८० देऊन उरलेली सारी 'डी'च्या पदरांत टाकली होती.

अशा वाटण्या एके काळीं गरजेच्या होत्या. १९८७ सालच्या डॉस ३.३ मध्यें एका विभागास ३२ मेगाबाइटांहून अधिक जागा देतांच येत नसे. ती मर्यादा केव्हांच गेली; वाटणीची संवय राहिली.

बंधूंची समजूत अशी कीं, 'डी' थोडा आंखडला म्हणजे सुटलेली जागा 'सी'स जोडतां येईल. आंखडण्याची सोय विंडोजमध्यें २००७ च्या व्हिस्टापासून आहेहि. पण येथेंच बहुतेकांची फसगत होते. डिस्कवरील विभाग जुन्या वाड्याच्या खोल्यांप्रमाणें एका रांगेंत असतात. 'सी' हें माजघर धरलें, तर 'डी' ही त्यामागची कोठी. कोठी आंखडली म्हणजे मोकळी जागा परसाच्या बाजूस निघते. माजघराची भिंत जागच्या जागींच! विंडोजचें साधन 'सी'स फक्त लगतची, पुढली मोकळी जागा देऊं शकतें. मध्यें दुरुस्तीचा एखादा लहानसा विभाग असला तरी वाट अडते.

तेव्हां मार्ग दोन. जीपार्टेडसारख्या साधनानें अख्खा 'डी' मागें सरकविणें, किंवा त्यांतील सामान बाहेर काढून 'डी' मोडणें व नव्यानें मांडणें. पहिल्यांत सारें सामान उचलून पुढें ठेवावें लागतें. तासन् तास जातात, आणि मध्येंच वीज गेली तर? आमच्या एका स्नेह्यांच्या मुलीच्या लग्नाचीं छायाचित्रें अशींच गेलीं.

मीं दुसरा मार्ग सुचविला व 'डी'वर काय आहे तें विचारलें. दादा म्हणाले, "अप्पांच्या हातचीं सर्व पत्रें, आणि कुळाच्या नोंदी. तेथें सुरक्षित म्हणून ठेवल्या." दुसरी प्रत? "'डी'वर आहे म्हणजे झालें कीं!" ही समजूत घरोघर आढळते. विंडोज नव्यानें घालतांना 'डी'वरील सामान वांचूं शकतें, हें खरें. पण डिस्कच बिघडली तर दोन्ही खोल्यांवरचें आढें एकच.

त्या सायंकाळीं बाहेरच्या डिस्कवर प्रत उतरविली. ती उघडते कीं नाहीं हें पाहण्यासाठीं वीसएक पत्रें वाचलीं; त्यांतच रात्रीचे दहा वाजले. बिटलॉकरची किल्ली कागदावर टिपून घेतली, आणि मगच 'डी' मोडला. 'सी' २०० झाला, उरलेल्यांत नवा 'डी' बसला. काम पांच मिनिटांचें. सामान परत भरण्यास मात्र दुसरा दिवस लागला.

बाहेरची डिस्क वहिनी देवघराजवळच्या फडताळांत ठेवूं लागल्या. दादा म्हणाले, "तेथें नको. ती जळगांवला धाकटीकडे जाऊं दे."