उजवा कोणाचा? नवख्या नटांना रंगमंचाच्या दिशा आणि हालचाली शिकवताना

मागच्या भागात आपण आवाजाबद्दल बोललो, आज पायांबद्दल बोलूया. पालघर, बोईसर, डहाणू या पट्ट्यात कॉलेजची मुलं एकांकिका बसवतात, युवा महोत्सवाची तयारी करतात. त्यांच्यासाठी आणि त्यांना शिकवणाऱ्यांसाठी हा भाग आहे.

पहिल्या तालमीत काय होतं बघा. समोर आठ मुलं उभी असतात. कोणाचे वडील तारापूर एमआयडीसीत शिफ्ट करतात, कोणी अणुशक्ती केंद्राच्या कॉलनीतलं, कोणी विक्रमगडकडच्या पाड्यावरून येणारं. स्टेजचा अनुभव म्हणजे शाळेचं गॅदरिंग. तिथे एकच सूचना असते, माइकसमोर उभं राहा. मी म्हणतो, "चला, उजवीकडे जा." चार जण एकीकडे जातात, चार दुसरीकडे. आणि खरं सांगायचं तर कोणीच चुकलेलं नसतं. उजवा कोणाचा, हे मीच सांगितलेलं नसतं.

नियम असा: रंगमंचाचा उजवा म्हणजे प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाचा उजवा. नट नंतर वळला, पाठमोरा झाला, तरी रंगमंचाचा उजवा बदलत नाही. दिग्दर्शक समोर खुर्चीत बसलेला असतो, त्याचा उजवा उलटा येतो. तरी सूचना देताना त्याने नटाचाच उजवा धरायचा.

हे पाठ करायला सांगितलं की मुलं गोंधळतात. म्हणून मी स्टेशनचं उदाहरण देतो. पालघर स्टेशनवर उतरल्यावर तुमचं तोंड कुठेही असो, पूर्व ती पूर्व आणि पश्चिम ती पश्चिम. रिक्षावाल्याला आपण 'माझ्या उजवीकडे' असं सांगत नाही, 'पश्चिमेला' असं सांगतो. रंगमंचाचे उजवा-डावा हे पूर्व-पश्चिमेसारखे आहेत.

आता सगळा रंगमंच आपल्या रेल्वेलाइनवर ठेवूया. समजा, प्रेक्षक विरारच्या बाजूला बसलेत. नट त्यांच्याकडे तोंड करून उभा आहे, म्हणजे तो दक्षिणेकडे बघतोय. त्याचा उजवा पश्चिम, डावा पूर्व. प्रेक्षकांच्या सगळ्यात जवळची रांग पालघर, मधली उमरोळी, मागची बोईसर. पालघरच्या रांगेत उजवीकडे सातपाटी, डावीकडे मनोर. बोईसरच्या रांगेत उजवीकडे तारापूर, डावीकडे चिल्हार. उमरोळीच्या दोन्ही बाजू धरल्या की झाले नऊ चौकोन. पटांगणात चुन्याने आखा आणि खेळ घ्या: "तारापूरहून मनोरला जा. आता पाठमोरे चिल्हारला." नकाशा घरचा असल्यामुळे तासाभरात दिशा पायात बसतात.

मग नाटकवाल्यांचे शब्द द्यायचे. पुढची रांग डाऊन, मागची अप, मधला सेंटर. सपाट स्टेजवर 'वर' आणि 'खाली' कुठून आलं, असं मुलं विचारतातच. युरोपातल्या जुन्या रंगमंचांना मागून पुढे उतार असायचा. मागे जायचं म्हणजे खरंच चढायचं. उतार गेला, शब्द राहिले. हे संहितेत समासात लिहायचं, 'अप उजवा', 'डाऊन डावा' असं, आणि पेन्सिलने. मूव्ह बदलणार हे गृहीतच धरा.

इथवर सोपं आहे. पुढची गोष्ट मी चुकून शिकलो, ती सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका एकांकिकेत मी प्रत्येक मूव्ह जमिनीवर खडूने आखून घेतली होती. कितव्या वाक्याला कुठल्या खुणेवर, सगळं पाठ. स्पर्धेचं स्टेज निघालं आमच्या तालमीच्या जागेपेक्षा दोन पावलं कमी खोल. शेवटचं वाक्य एका मुलीचं होतं. ती खूण शोधत खाली बघत राहिली आणि वाक्य म्हणाली ते उजेडाच्या बाहेर, अंधारात. परतीच्या लोकलमध्ये सगळे तिलाच बोलले. मी गप्प बसलो. चूक माझी होती, ती मी त्या डब्यात कबूल करायला हवी होती. त्यानंतर दोन महिने ती तालमीला आली नाही.

भातकापणीच्या दिवसांत आम्ही काही जण तिच्या पाड्यावर गेलो. रात्री तारप्याचा नाच चालू होता. तुम्ही पाहिला असेल. निदान वारली चित्रात तरी पाहिलाच असेल. मध्ये तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती एकमेकांना धरून नाचणाऱ्यांची साखळी. तो वळला की साखळी वळते, सूर बदलला की पाऊल बदलतं, आणि तारप्याकडे कोणी पाठ करत नाही. अंधारात, खडबडीत जमिनीवर, तीच मुलगी एकदाही खाली न बघता नाचत होती. मी विचारलं, "इथे जागा कशी कळते गं?" ती म्हणाली, "जागा कुठे असते सर? तारपा असतो."

मंडळी, हालचाल शिकवण्याचं मर्म मला तिथे कळलं. नऊ चौकोन हा पत्ता आहे, पण पत्ता माहीत आहे म्हणून कोणी उठून चालायला लागत नाही. नट कशाच्या तरी दिशेने जातो किंवा कशापासून तरी दूर होतो. ते 'काहीतरी' कळलं असेल तर स्टेज दोन पावलांनी लहान झालं तरी बिघडत नाही.

विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' घ्या. 1967 साली रंगभूमीवर आलेलं नाटक. सुरुवातीलाच लीला बेणारेचं बोट दाराच्या कडीत चिमटतं. किरकोळ वाटणारी सूचना. पुढे खोट्या खटल्याच्या खेळात ती घेरली जाते, निघून जायला दाराकडे धावते, तर दार बाहेरून लागलेलं. आता दार अप उजवा की अप डावा, हे नेपथ्यावर ठरेल. पण त्या दाराशी तिचं नातं पहिल्या प्रवेशापासून बांधलं नसेल, तर तिचं धावणं नुसतंच पळणं दिसेल. म्हणून कंसातली सूचना गाळून वाचू नका. कंस संवादाइतकाच मोठ्याने वाचायला लावा.

तालमीत करण्यासारखे तीन सराव सांगतो.

पहिला, तारप्याचा. एक जण मध्ये, त्याने हवं तसं फिरायचं. बाकीच्यांनी त्याच्याशी तेवढंच अंतर राखायचं, एकमेकांना झाकायचं नाही. दहा मिनिटांत मुलं आपोआप पसरतात, माइकसमोरची रांग मोडते.

दुसरा, कारणाचा. प्रत्येक मूव्हपुढे पेन्सिलने एक क्रियापद लिहायचं: लपायला, अडवायला, चोरून बघायला. क्रियापद सुचलं नाही तर ती मूव्ह काढून टाका. शांत उभं राहणं ही पण हालचालच आहे. आणि सुरुवातीला साधी शिस्त ठेवा: चालायचं ते स्वतःच्या वाक्यावर, दुसऱ्याच्या वाक्यावर नाही. नाहीतर बोलतो एक आणि प्रेक्षक बघतात दुसऱ्याकडे.

तिसरा, लहान स्टेजचा. रोज चुन्याची चौकट बदला. आज दोन पावलं आत, उद्या एक पाऊल बाहेर. तीच एकांकिका, तीच कारणं, जागा नवी. उजेड शोधायचा तो चेहऱ्यावर पडणाऱ्या तापावरून, जमिनीकडे बघून नाही.

आणि मास्तरांसाठी एक. प्रयोगात एखादा नट हरवला, तर आधी आपण त्याला काय दिलं होतं ते तपासा, खूण की कारण? ती मुलगी पुढच्या वर्षी परत आली. पहिल्या दिवशी मी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली, आणि तारप्याचा सराव तिलाच घ्यायला सांगितला. आजही नव्या बॅचला तो तीच शिकवते.

पुढच्या भागात एन्ट्री आणि एक्झिटबद्दल बोलू. तोवर चुना आणा, पटांगण आखा आणि काय झालं ते कळवा. भेटूया.