टोकियोची चिठ्ठी : कुंची, खाऊ आणि पळ

मुलीला इथल्या शाळेत घातलं तेव्हा सामानाच्या यादीत एक जाड उशीही होती. एरवी ती खुर्चीला लावलेली असते. जमीन हलली की उलगडून डोक्यावर घ्यायची. नाव ‘बोसाई झुकिन’. आपल्याकडच्या बाळाच्या कुंचीची थोरली बहीण म्हणा ना!

१ सप्टेंबर १९२३ रोजी, दुपारचे बारा वाजायला दोन मिनिटं असताना, टोकियोसह कांतो भागात मोठा भूकंप झाला. स्वयंपाकाची वेळ, चुली पेटलेल्या. लाखावर माणसं गेली, त्यांतली बहुतेक आगीत. १९६० पासून हा दिवस आपत्तिनिवारण दिन म्हणून पाळतात आणि शाळाशाळांत सराव होतो. कर्ण्यावरून सूचना येते, पोरं बाकाखाली शिरून त्याचे पाय धरतात, मग वर्गातल्याच बुटांनिशी पटांगणात. नियम ‘ओ-का-शि-मो’: ढकलायचं नाही, धावायचं नाही, बोलायचं नाही, मागं फिरायचं नाही. चार जपानी शब्दांची ही आद्याक्षरं. ‘ओकाशी’ म्हणजे खाऊ, त्यामुळे पहिलीतलं पोरही ते विसरत नाही.

आणखी एक सराव पालकांचा. रांगेत उभं राहायचं, कार्ड दाखवायचं, मग बाई मूल हवाली करणार. रोज पाहणाऱ्या बाईंनी मला नाव विचारलं तेव्हा हसू आलं. त्या हसल्या नाहीत.

पण सगळंच शिस्तीनं भागत नाही. ११ मार्च २०११ ला भूकंप झाल्यावर इशिनोमाकीच्या ओकावा शाळेतली मुलं रांगेनं पटांगणात आली आणि पाऊण तासाहून अधिक तिथंच थांबली. मागं डोंगर होता. त्सुनामीत ७४ मुलं आणि १० शिक्षक गेले. पालक कोर्टात गेले. शाळेची आधीची तयारीच अपुरी होती, हा निकाल २०१९ मध्ये कायम झाला. त्याच दिवशी कामाइशीत मोठी मुलं आपण होऊन पळाली, त्यांना पाहून शेजारच्या शाळेतली लहानगी निघाली. ठरलेली जागाही धोक्याची वाटली तेव्हा ती आणखी वर चढली आणि वाचली.

त्सुनामीच्या त्या किनाऱ्यावर जुना शब्द आहे, ‘तेंदेन्को’: ज्यानं त्यानं आपापलं पळावं. आईची वाट पाहू नये, आईनंही मुलाला शोधत येऊ नये. ऐकताना माझ्या पोटात गोळा आला. पण हे जमायचं तर भेटायची जागा आधी ठरलेली हवी. आमची रविवारी ठरली: शाळेचं पटांगण, पाण्याच्या नळांपाशी.