जुन्या वास्तूचा नवा संसार

सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या संगमाजवळ महाड हे गाव वसलेले आहे. पूर्वेस सह्याद्रीची उंच भिंत आणि पश्चिमेस खाडीचा मार्ग, अशी त्याची जागा. पोलादपुराहून आंबेनळीच्या घाटाने महाबळेश्वराकडे जाता येते. वरंध घाटाने भोरकडे जाता येते. घाटावरचा माल खाली उतरे आणि भरतीच्या पाण्याबरोबर सावित्रीतून वर आलेल्या मचव्यांत चढे. जेथे माल उतरतो व चढतो, तेथे बाजारपेठ वसते. महाडची पेठ अशीच वसली.

अशा जुन्या पेठांतील घरांची घडण ठरावीक असे. रस्त्याच्या बाजूस तळमजल्यावर दुकान, त्यामागे मालाची कोठी आणि वरच्या मजल्यावर बिऱ्हाड. जोते दगडी, भिंती जांभ्या दगडाच्या, खांब व तुळया सागवानी आणि माथ्यावर कौलांचे उतरते छप्पर. दुकानदार दिवसा खाली व्यापार करी आणि रात्री वर निजे. त्यामुळे पेठेत दिवसा वर्दळ असे आणि रात्रीही दिवा जळत असे.

पुढे काळ पालटला. मालाची वाहतूक रस्त्याने होऊ लागली. घरची तरुण मंडळी नोकरीसाठी मुंबईस गेली. एका घराचे दहा वारस झाले आणि डागडुजी कोणी करावी हे ठरेना. कोकणातील पावसाला मात्र असा विलंब ठाऊक नसतो. एखादे कौल फुटते, पाणी झिरपते, तुळईचे भिंतीत गेलेले टोक कुजते, वाळवी लागते, भेगेत पिंपळाचे रोप मूळ धरते. मग एके दिवशी लोक म्हणतात, “ही इमारत पाडावी, दुसरा उपाय नाही.”

हे म्हणणे खरे की खोटे, हे केवळ वयावरून ठरत नाही. महाड-पोलादपूरच्या लोकांना याचे दोन कठोर धडे मिळाले आहेत. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरील ब्रिटिश अमदानीतील दगडी पूल पुरात वाहून गेला आणि दोन एस.टी. गाड्यांतील उतारू प्राणांस मुकले. पुढे 24 ऑगस्ट 2020 रोजी महाड शहरातील पाच मजली निवासी इमारत कोसळून 16 माणसे मृत्युमुखी पडली. पूल जुना होता; इमारत मात्र जुनी नव्हती. तेव्हा जुने ते भक्कम असे समजणे जसे चुकीचे, तसेच नवे ते सुरक्षित असे समजणेही चुकीचेच. वास्तूचे खरे बळ तिच्या बांधणीत आणि तिच्या नित्य निगेत असते.

म्हणून जुन्या इमारतीचा जीर्णोद्धार करावयाचा तर पहिले काम तपासणीचे. जाणकार अभियंता प्रत्येक खांब, तुळई व भिंत पाहतो, कुजलेले भाग नकाशावर नोंदवितो आणि घर राहण्याजोगे आहे की नाही ते सांगतो. धोका असेल तर आधी माणसे बाहेर काढावयाची व त्यांच्या निवाऱ्याची सोय करावयाची. वास्तू कितीही मोलाची असली, तरी माणसाच्या जिवाहून ती मोठी नाही.

दुसरे काम पाणी थांबविण्याचे. यासाठी आरंभ माथ्यापासून करतात. छप्पर गळत असता भिंत सारवणे व्यर्थ होय. मग लाकूडकामाकडे वळावे. तुळईचे टोक कुजले म्हणून सारी तुळई टाकून द्यावी लागत नाही. खालून धिरे देऊन भार तोलून धरतात, सडका भाग कापतात आणि त्या जागी चांगल्या लाकडाचा तुकडा सांध्याने जोडतात. कुशल सुताराने घातलेला असा सांधा पुष्कळ वर्षे टिकतो.

भिंतींच्या बाबतीत एक चूक वारंवार होते. जुन्या भिंतीला सिमेंटचा जाड गिलावा दिला की ती मजबूत झाली, असे वाटते. परंतु जांभा दगड सच्छिद्र असतो. तो ओल शोषून घेतो. चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल हळूहळू बाहेर पडते व भिंत सुकते. सिमेंटचा थर तिला अडवून धरतो, आणि भिंत आतून झिजू लागते. म्हणून चुन्याच्या भिंतीला चुनाच मानवतो. भाजलेला चुना पाण्यात विरवून, वाळू मिसळून तो पूर्वी घाणीत मळीत असत. असा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश दगडासारखा कठीण होतो. या कामाला घाई चालत नाही.

यानंतर नव्या संसाराची मांडणी करावयाची. वरच्या घरांत नळ, न्हाणीघर व शौचालय हवे. पण त्यांचे पाणी लाकडी तक्तपोशीत मुरता कामा नये. विजेच्या तारा नव्या हव्यात, कारण जुन्या लाकडी घराला आगीचे भय अधिक. जुलै 2021 च्या महापुरात महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली होती. तेव्हा तेथील दुकानात विजेची कळ व मालाची फळी उंचावर ठेवणे हे शहाणपणाचे आहे.

असे श्रम घेऊन काय साधते? पुण्याचा विश्रामबाग वाडा याचे उत्तर देतो. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधला. पेशवाई 1818 मध्ये संपली. तथापि वाडा रिकामा राहिला नाही. 1821 मध्ये तेथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. 1879 च्या आगीत त्याचा काही भाग जळाला. त्याच वर्षी पुण्याचा बुधवार वाडाही जळाला आणि तो कायमचा नाहीसा झाला. विश्रामबाग वाडा मात्र लोकांनी वर्गणी देऊन सावरला. पुढे 1930 पासून सुमारे तीन दशके पुण्याचा नगरकारभार तेथून चालला. ज्या वास्तूची लोकांना रोज गरज पडते, तिच्यासाठी लोक पदरचे पैसेही काढतात.

परदेशातही हाच अनुभव आहे. इटलीतील बोलोन्या या शहरात रस्त्यांच्या कडेने कमानींच्या पडव्या आहेत. खाली दुकाने आणि वर घरे. तेथील नगरपालिकेने 1970 नंतरच्या दशकात जुनी घरे दुरुस्त करण्याची योजना आखली. घरे सुधारावीत, पण त्यांत राहणारे साधे रहिवासी तेथेच राहावेत, हा तिचा हेतू होता. केवळ दगड जतन करून पेठ वाचत नाही. तेथील माणसेही टिकावी लागतात, हे त्या नगराने ओळखले होते.

दुकान आणि बिऱ्हाड यांची जुनी जोडी याच कारणाने उपयोगाची आहे. दुकानाच्या भाड्यातून छपराचा खर्च निघतो. वर राहणाऱ्या कुटुंबाला गळती पहिल्याच पावसात कळते, आणि लहान दुरुस्ती लहान असतानाच होते. बंद घरात मात्र तेच पाणी चार पावसाळे कोणाच्या दृष्टीस न पडता मुरत राहते.

कोकणात मृगाचा पाऊस येण्यापूर्वी घर शाकारण्याची जुनी रीत आहे. छपरावर चढून फुटकी कौले काढावयाची, नवी बसवावयाची आणि पन्हळी साफ करावयाच्या. काम चार दिवसांचे, खर्चही बेताचा. ते दरवर्षी झाले, तर मोठ्या जीर्णोद्धाराची वेळ क्वचितच येते.