पुनर्वसूच्या पलीकडचा प्रवासी

ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या गच्चीवरून एनजीसी २४१९ हा ताऱ्यांचा पुंजका दिसत नाही. दिव्यांच्या उजेडात तो पार बुडून जातो. कर्जत लोकलने वांगणी गाठा. मुंबईकर आकाशप्रेमी वर्षानुवर्षं तिथे रात्र जागवायला जातात. फेब्रुवारीतल्या अमावास्येच्या आसपास पुनर्वसूतला कॅस्टर डोक्यावर आला, की त्याच्या उत्तरेला ७ अंशांवर दुर्बीण वळवा. दोन तारे ओळीत दिसतील आणि त्याच ओळीत पुढे एक फिकट, धुरकट ठिपका. हाच एनजीसी २४१९.

विल्यम हर्शेल यांना तो ३१ डिसेंबर १७८८ रोजी सापडला. हा गोलाकार तारकागुच्छ आहे, लाखो वृद्ध ताऱ्यांचा. शौरीतला प्रसिद्ध एम १३ सुमारे पंचवीस हजार प्रकाशवर्षांवर आहे, तर हा तब्बल पावणेतीन लाखांवर. मॅजेलनचे मेघसुद्धा याच्या अलीकडेच राहतात!

हे अंतर कसं कळतं? गुच्छात आरआर लायरी जातीचे तारे असतात. साधारण अर्ध्या दिवसात ते उजळतात, मंदावतात. त्यांचं खरं तेज ठाऊक असल्यामुळे, ते किती मंद दिसतात यावरून अंतर काढता येतं. मला ही युक्ती फार सुंदर वाटते.

एकेकाळी हा गुच्छ आकाशगंगेतून सुटलेला भटक्या मानला जाई. प्रत्यक्षात तो आपल्या दीर्घिकेच्याच गुरुत्वाकर्षणाने बांधलेला आहे, फक्त एका प्रदक्षिणेला अब्जावधी वर्षं लागतात.

सहा-आठ इंची दुर्बीण हवी. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास द्या, मोबाइल बंद ठेवा.