टेलची खोली

सोल, जानेवारी

आज सकाळी बाहेर उणे बारा होतं. आमचं बुलढाणा हे विदर्भातलं थंड हवेचं ठिकाण, असं इथे कुणाला सांगायची सोय राहिली नाही.

कोरियात घर जमिनीतून तापतं. त्याला ओंदोल म्हणतात. पूर्वी चुलीची धग आणि धूर फरशीच्या दगडांखालून फिरून पलीकडच्या धुराड्यात जायचा. चुलीजवळची उबदार जागा, म्हणजे आरेन्मोक, घरातल्या म्हाताऱ्यांची. उशिरा येणाऱ्याचा भात तिथेच पांघरुणाखाली झाकून ठेवत. पुढे कोळशाच्या भोकं पाडलेल्या वड्या आल्या आणि फरशीच्या भेगांतून शिरलेल्या विषारी वायूने कित्येक माणसं झोपेतच गेली. आता गॅसचा बॉयलर आणि फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या. चपला दाराशी, अनेक घरांत जेवण-झोप जमिनीवर. एवढं मात्र आपल्यासारखंच.

माझी झोपायची खोली आठवडाभर गारच होती. बॉयलरचा आकडा वाढवत गेलो. स्वयंपाकघरात पाय भाजायचे, इकडे मोजे निघत नव्हते. शेवटी सत्तरीतल्या घरमालकीणबाईंना बोलावलं. त्यांनी ओट्याखालचं दार उघडलं. आत प्रत्येक खोलीचा वेगळा कॉक. त्यांनी एकेका नळीला हात लावला. माझ्या खोलीकडे जाणारी गरम, परतणारी गार. नळीत हवा अडकलेली. टोकाची कळ सैल केली तशी आधी फुस्स, मग थुंकत थुंकत काळपट पाणी, मग संथ धार. बॉयलरचा दाब उतरला होता, तो पाणी भरून वर आणला. मग जवळच्या खोल्यांचे कॉक निम्मे आवळले. मला हसू आलं. हे तर दारं धरणंच! कालव्यावर वरचे भरपूर पाणी घेतात आणि टेलचा, म्हणजे शेवटच्या टोकाचा, शेतकरी वाट बघत बसतो.

बाई निघताना दोन गोष्टींवरून बोलणी खाल्ली. कामावर जाताना मी बॉयलर पार बंद करायचो. गार पडलेली जाड फरशी पुन्हा तापायला तासन् तास लागतात. दुसरी माझी फोमची गादी, दिवसभर अंथरलेली. ऊब तिच्याखालीच कोंडायची. उठताबसता ‘पाल्ली-पाल्ली’, म्हणजे लवकर-लवकर, म्हणणाऱ्या या देशात फरशीला मात्र कुणी घाई करत नाही.

गादी आता भिंतीला टेकवून उभी आहे. खोली तापेपर्यंत स्वयंपाकघरात बसून हे लिहितोय. इथला कॉक निम्मा बंद, त्यामुळे मोजे इथेही आलेच.