विमानातील आसने आणि पायांचे आरोग्य

मुले परदेशी स्थायिक झाल्यामुळे साठी ओलांडलेले आई-वडील आता लहान गावांतूनही विमानप्रवासाला निघतात. ‘डॉक्टर, इतके तास बसवेल का?’ हा त्यांचा मला नेहमीचा प्रश्न. त्यातच उभ्याने प्रवास करण्याच्या आसनांची छायाचित्रे पाहून काहीजण धास्तावतात. म्हणून आज या आसनांविषयी थोडे.

हृदय पायापर्यंत रक्त ढकलते, पण ते वर परत आणण्याचे काम मुख्यतः पोटरीचे स्नायू करतात. चालताना पोटरी आवळते आणि शिरांमधील रक्त वर सरकते. तासन्‌तास निश्चल बसले की हा पंप बंद पडतो. रक्त साचते व कधी कधी खोल शिरेत गुठळी होते. ती सुटून फुप्फुसात अडकली तर प्राणावर बेतते.

हा धोका विमानाने आणलेला नाही. १९४० साली बॉम्बहल्ल्यांच्या काळात लंडनचे लोक रात्रभर निवाऱ्यांत कापडी आरामखुर्च्यांवर बसून राहत. खुर्चीची पुढची आडवी लाकडी पट्टी मांडीखाली रुते. अशा लोकांत फुप्फुसातील गुठळीने होणारे मृत्यू वाढल्याचे डॉ. कीथ सिम्प्सन यांनी त्याच वर्षी दाखवून दिले. तेव्हा कोणतेही आसन पारखताना दोन गोष्टी पाहाव्यात : मांडीखाली दाब येतो का, आणि पाय हलवता येतात का? गादीचा मऊपणा त्यानंतर.

या कसोटीवर नवी आसने लावून पाहू. इटलीतील एव्हिओइंटिरियर्स कंपनीने २०१० साली ‘स्कायरायडर’ हे खोगिरासारखे आसन दाखवले. त्यात प्रवासी अर्धवट उभा राहतो. दोन रांगांतील अंतर अवघे २३ इंच. नेहमीच्या स्वस्त वर्गात ते साधारण २८ ते ३२ इंच असते. गुराखी दिवसभर घोड्यावर बसतातच की, असे समर्थन तेव्हा करण्यात आले. पण घोडेस्वाराचे पाय रिकिबीत सतत काम करीत असतात. विमानातल्या प्रवाशाला मात्र जखडल्यासारखे राहावे लागेल. शिवाय संकटात सर्व प्रवासी निम्म्या दारांतून ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात, हे मोठ्या विमानांना सिद्ध करावे लागते. इतक्या दाटीत ते कठीणच.

२०२२ साली जर्मनीतील हॅम्बुर्गच्या प्रदर्शनात दुमजली आसन आले. खालच्या प्रवाशाला पाय लांब करता येतात, हे चांगलेच. पण वरची सीट त्याच्या तोंडासमोर येते, आणि वरच्याला चढउतार करावी लागते. गुडघेदुखीवाल्यांनी काय करावे? ही दोन्ही आसने आजवर कोणत्याही विमान कंपनीने बसवलेली नाहीत, तेव्हा घाबरू नये. याउलट एअर न्यूझीलंडने २०११ पासून आणलेली सोय पायांना मानवणारी आहे : शेजारच्या तीन सीटांपुढील पाट्या उचलल्या की छोटासा पलंग होतो. मात्र तिन्ही जागांचे पैसे मोजावे लागतात.

धोक्याचे प्रमाणही ध्यानात घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या अहवालानुसार चार तासांहून अधिक प्रवासात गुठळीचा धोका सुमारे दुप्पट होतो. तरीही निरोगी माणसात तो सहा हजारांत एक इतकाच असतो. बस, रेल्वे, मोटार यांनाही हेच लागू. लठ्ठपणा, गर्भनिरोधक गोळ्या, पूर्वी झालेली गुठळी यांमुळे तो वाढतो. फार उंच माणसांप्रमाणेच पाच फूट तीन इंचांहून कमी उंचीच्यांनाही धोका अधिक आढळला. पाय लोंबकळतात व सीटची कड गुडघ्यामागे रुतते, हे त्याचे एक कारण असावे. आपल्याकडील बऱ्याच स्त्रिया या उंचीच्या असतात. त्यांनी पायांखाली छोटी बॅग घ्यावी.

प्रवासात पुढील पथ्य पाळा :

● अर्ध्या तासाने घोटे वर-खाली करा, टाचा-चवडे उचला.
● जमेल तेव्हा उठून चार पावले चाला. त्यासाठी वाटेकडेची जागा मागून घ्या.
● पायावर पाय टाकून बसू नका. पाणी पीत राहा. मद्य व झोपेची गोळी टाळा.
● धोका अधिक असलेल्यांनी घट्ट मोजे अथवा औषध यांविषयी आधीच डॉक्टरांना विचारावे.

प्रवासानंतर काही आठवड्यांतही एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून तेल लावून मालीश करू नका. गुठळी सुटू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. एकाएकी धाप लागली किंवा छातीत दुखले, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठा.